विश्लेषण : बाकावरून पंचाला शिवी, कार्ड मात्र प्रशिक्षकाला? शालेय फुटबॉलमध्ये रेषेबाहेरचे नियम काय सांगतात?

भंडारा जिल्ह्यात शालेय फुटबॉलचा हंगाम पावसासोबत सुरू होतो. एकीकडे धानाची रोवणी, दुसरीकडे चिखलाने माखलेले मैदान आणि सुब्रोतो चषकाची जिल्हास्तरीय फेरी. मैदानात १४-१५ वर्षांची मुले खेळत असतात आणि रेषेबाहेरून ‘पास दे ना बे’, ‘पंच आंधळा आहे का’ असा गलका सुरू असतो. त्यात क्रीडा शिक्षक असतात, पालक असतात, राखीव खेळाडूही असतात. हा उत्साह म्हणून सोडून द्यायचा, की फुटबॉलचे नियम त्यालाही लागू होतात?

प्रशिक्षकाला कार्ड दाखवता येते का?

येते. फुटबॉलचे नियम ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय फुटबॉल संघटना मंडळाने १ जून २०१९ पासून ही तरतूद लागू केली. त्याआधी पंच प्रशिक्षकाला समज देऊ शकत किंवा बाहेर काढू शकत, पण कार्ड फक्त खेळाडूंसाठी होते. आता पंचाचा निर्णय न मानणे, रागाने पाण्याची बाटली लाथाडणे, उपरोधाने टाळ्या वाजवणे, समोरच्या खेळाडूला कार्ड द्या म्हणून सतत हातवारे करणे यासाठी प्रशिक्षकाला पिवळे कार्ड मिळते. शिवीगाळ केली किंवा पंचाला जाब विचारण्यासाठी मैदानात घुसले, तर थेट लाल.

यातला सर्वात महत्त्वाचा भाग अनेक शाळांच्या बाकापर्यंत पोहोचलेला दिसत नाही. बाकावरून कुणीतरी शिवी दिली, पण नेमकी कुणी दिली हे पंचाला कळले नाही, तर कार्ड तिथे हजर असलेल्या सर्वात वरिष्ठ प्रशिक्षकाला मिळते. सरांनी तोंडातून शब्द काढला नसला तरी! राखीव मुलांच्या वागण्याची जबाबदारी नियमानेच सरांवर टाकली आहे.

मग पालकांचे काय?

इथे पंचाचे हात बांधलेले आहेत. प्रेक्षकांना कार्ड दाखवण्याची सोय नियमात नाही. बाहेरून अडथळा आला तर पंच सामना थांबवू शकतो, स्थगित करू शकतो किंवा तिथेच संपवू शकतो. म्हणजे बाबांच्या रागाची शिक्षा मैदानातल्या २२ मुलांना. त्यातच शालेय सामन्यात शिटी वाजवणारा पंच बहुतेकदा दुसऱ्या एखाद्या शाळेचा क्रीडा शिक्षकच असतो. पुढच्या सामन्यात तो स्वतः बाकावर असेल. अशा वेळी कार्ड काढण्यापेक्षा दुर्लक्ष करणे सोपे वाटते.

एवढा राग येतो कुठून?

फक्त संस्कारांकडे बोट दाखवून हे सुटणार नाही. शालेय स्पर्धा साधारणपणे बाद पद्धतीने होतात. एक सामना हरला की वर्षभराचा सराव संपला. जिंकला तर जिल्ह्यातून विभागाला, म्हणजे नागपूर विभागातल्या इतर जिल्ह्यांशी, आणि पुढे राज्याला. या शिडीवर बरेच काही टांगलेले असते. दहावी-बारावीला क्रीडा सवलतीचे गुण आहेत, वरच्या पातळीवरच्या कामगिरीसाठी शासकीय नोकरीत खेळाडूंचे ५ टक्के आरक्षण आहे. साकोली किंवा लाखांदूरच्या शेतकरी बापाला पंचाची एक शिटी मुलाच्या नोकरीवर वाजल्यासारखी वाटली, तर त्यात नवल नाही.

पण त्या आरडाओरड्याने मुलाचा खेळ सुधारत नाही. डाव्या बाजूने चेंडू घेऊन धावणाऱ्या मुलाला सर एक सांगतात, बाबा दुसरे, कर्णधार तिसरे. मोबाईलच्या भाषेत सांगायचे तर आवाज खूप, नेटवर्क शून्य. शिवाय पास द्यायचा की स्वतः पुढे जायचे, हे त्याने स्वतः ठरवायला शिकायचे असते. प्रत्येक निर्णय बाहेरून आला तर ते शिकणे होत नाही. एका वेळी एकाच व्यक्तीने संघाला डावपेचाच्या सूचना द्याव्यात, असे नियमातही आहे.

यावर जवळपास कुठे काही वेगळे झाले आहे का?

भंडाऱ्यापासून सुमारे ६० किलोमीटरवर, नागपुरात. हिस्लॉप कॉलेजचे क्रीडा शिक्षक विजय बारसे यांनी २००१ मध्ये पावसात तुटक्या बादलीला लाथा मारत खेळणारी वस्तीतली मुले पाहिली. त्यातून ‘स्लम सॉकर’ उभी राहिली. ‘झुंड’ या २०२२ च्या चित्रपटामुळे ही गोष्ट घराघरात गेली. संस्थेला २०१६ मध्ये ‘फिफा’चा विविधता पुरस्कारही मिळाला.

चित्रपटापेक्षा प्रशिक्षकांच्या उपयोगाची गोष्ट म्हणजे ही संस्था वापरत असलेली ‘फुटबॉल थ्री’ पद्धत. तिचे मूळ कोलंबियातल्या मेदेयीन शहरात आहे. १९९४ च्या विश्वचषकात स्वयंगोल झालेल्या आंद्रेस एस्कोबारची मायदेशी परतल्यावर तिथे हत्या झाली. त्यानंतर तिथल्या वस्त्यांमध्ये मुलामुलींच्या एकत्र संघांचे फुटबॉल सुरू झाले. या पद्धतीत सामन्याचे तीन भाग असतात. आधी दोन्ही संघ बसून नियम ठरवतात. मग खेळ होतो, तोही पंचाशिवाय. फाऊल मुलेच मान्य करतात आणि एक मध्यस्थ फक्त बघत असतो. शेवटी पुन्हा बसून, समोरचा संघ कसा वागला यावर एकमेकांना गुण देतात. गोलांच्या जोडीला हे गुणही निकालात धरले जातात. इथे ओरडायला पंचच नाही, आणि खोटे पडून फाऊल मागणाऱ्याला नंतर समोरासमोर बसून उत्तर द्यावे लागते.

शालेय स्पर्धेत हे चालेल का?

जसेच्या तसे नाही. विभागाला पाठवायचा एकच संघ निवडायचा असतो, तिथे पंच लागणारच. पण सामन्याआधीची पाच मिनिटांची बैठक कुठेही घेता येते. त्यात पालकांनाही बोलवावे आणि पंच कोण आहे, बाद झाल्यावर काय होते, सूचना कोण देणार, हे स्पष्ट सांगावे. पालकांना बाकाच्या विरुद्ध बाजूला, दोरीमागे उभे करायला तर खर्चही नाही. कर्णधाराशिवाय कुणीही पंचाशी वाद घालायचा नाही, ही २०२४ च्या युरो स्पर्धेत वापरलेली पद्धतही शाळेच्या मैदानावर जमण्यासारखी आहे.

साखळी सामने ठेवता आले, तर वागणुकीचे गुणही मोजता येतील. २०१८ च्या रशियातील विश्वचषकात जपान आणि सेनेगल गुण, गोलफरक, केलेले गोल अशा सगळ्यांत बरोबरीत होते, त्यांचा आपसातला सामनाही २-२ असा सुटला होता. जपानला चार पिवळी कार्डे होती, सेनेगलला सहा. बाद फेरीत जपान गेला.