मला ट्रक ड्रायव्हर व्हायचंय, पण...

तर मंडळी, चाळिशी ओलांडली की आयटीतल्या माणसाला एक ठरावीक आजार होतो. कुणाला सेंद्रिय शेती करावीशी वाटते, कुणाला कोकणात होम-स्टे काढावासा वाटतो, कुणी एकदम सायकलवरून कन्याकुमारीला निघतो. मी त्रेचाळीस वर्षांचा आहे आणि मला ट्रक चालवावासा वाटतोय. (हसून घ्या. बायकोचं हसून झालंय.)

गंमत अशी की शेतीचं नाव काढलं की लोक 'वा!' म्हणतात, आणि ट्रकचं नाव काढलं की हळूच विचारतात, 'घरी सगळं ठीक आहे ना रे?' दोन्हीकडे पगारावर पाणी सोडायचं, दोन्हीकडे अंग मोडून घ्यायचं. पण शेतात आपण मालक असतो. स्टिअरिंगमागे बसलं की 'ए ड्रायव्हर, गाडी मागे घे!'

हे वेड कुठून आलं? वीस वर्षं मी जे काम करतोय ते कधी संपतच नाही. एक रिलीज गेलं की दुसरं. तीन वर्षं राबून उभं केलेलं प्रॉडक्ट एका मेलवर बंद होतं आणि दुपारी सगळे जेवायला जातात. त्यात आता दर तिमाहीला आजूबाजूच्या दोन-चार खुर्च्या रिकाम्या होतात, त्यामुळे 'दुसरं काय करता येईल' हा प्रश्न माझ्यासाठी नुसता रविवारचा विरंगुळा राहिलेला नाही. घराचे हप्ते अजून नऊ वर्षांचे आहेत, मुलगी नववीत आहे. आणि मला मनापासून आवडणाऱ्या गोष्टींत ड्रायव्हिंग फार वर आहे. सोळा टन गूळ कोल्हापुरात भरला, साधारण नऊशे किलोमीटरवर अहमदाबादला उतरवला, बिल्टीवर सही-शिक्का घेतला, की काम संपलं. दोन आठवड्यांनी कुणी म्हणत नाही की तो गूळ जरा वेगळ्या पद्धतीने रचून दाखवा.

लायसन्सचं म्हणाल तर ते अवघड नाही. मालवाहतुकीसाठी वय वीस पूर्ण हवं, हलक्या गाडीचं लायसन्स किमान वर्षभर जुनं हवं, डॉक्टरांचा फॉर्म १-ए आणि ड्रायव्हिंग स्कूलचा दाखला हवा. आठवी पासची अटसुद्धा २०१९ मध्ये काढून टाकली, त्यामुळे माझं बी.ई. इथे अगदीच फुकट जाणार. शिवाय नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने निकाल दिलाय की साध्या कारच्या लायसन्सवर साडेसात हजार किलोपर्यंतच्या मालवाहू गाड्या चालवता येतात. म्हणजे छोटा टेम्पो मी आज दुपारीसुद्धा काढू शकतो! पण मला हवाय तो दहा टायरचा.

मग कऱ्हाडच्या मामाला फोन केला. मामाकडे स्वतःची एकच गाडी होती. गूळ, साखर, मिळेल ते भाडं मारायचा. २०१८ मध्ये त्याने ती विकली. मी भीत भीत विषय काढला, तर तो ओरडला वगैरे नाही. त्याने विचारलं, "घाट कसा उतरवशील, सांग."

मी म्हटलं, ब्रेक मारत मारत.

"मग खाली पोचणार नाहीस."

पुढे अर्धा तास मामाने मला जे शिकवलं, ते माझ्या डिग्रीच्या चार वर्षांत कुणी इतकं नीट शिकवलं नव्हतं. ज्या गिअरमध्ये घाट चढलास त्याच गिअरमध्ये उतरायचा. गाडी इंजिनवर रोखून धरायची, ब्रेक जपून वापरायचा. कारण पंचवीस टनांची गाडी नुसत्या ब्रेकवर धरली की ड्रम तापतात, आणि तापलेला ब्रेक पायाखाली असून नसल्यासारखा होतो. डिझेल वाचवायला न्यूट्रल मारला की इंजिनचा लगाम सुटलाच. इंजिन बंद केलं तर त्याहून वाईट, कारण एअर ब्रेकची हवा भरणारा कॉम्प्रेसर इंजिनवरच चालतो. दोन-चार वेळा ब्रेक दाबला की टाकीतली हवा उतरते आणि भरणारं कुणी नसतं. कात्रजच्या बोगद्यातून नवले पुलाकडे उतरताना तुमच्या कारमागे जो ट्रक असतो ना, त्याच्या ड्रायव्हरला हे सगळं पक्कं माहीत असण्यावर तुमचा जीव अवलंबून आहे. आणि आपण याला 'अकुशल' काम समजतो!

मी विचारलं, "मग इतकं येत होतं तर विकलीस का?"

"गाडी चालवायला येत होतं रे बाळा. गाडी पोसायला येत नव्हतं."

मामाचं दुखणं रस्त्यावरचं नव्हतंच. ते उभं राहण्याचं होतं. माल उतरवायला गोडाऊनवाला दीड दिवस लावणार, त्याचं हॉल्टिंग मागितलं की ट्रान्सपोर्टवाला हात वर करणार. मग परतीच्या भाड्यासाठी दोन दिवस, कमिशन एजंट सांगेल त्या दराने. हप्ता मात्र पाच तारखेला. जीएसटी आल्यावर, जुलै २०१७ पासून, जकात आणि सीमेवरचे विक्रीकराचे नाके गेले, फास्टॅग आला, रस्ते सुधारले. चाकं पळायला लागली, पण गोडाऊनच्या दारातला ट्रक तसाच उभा. आणि तिथे घालवलेला वेळ कुणाच्याच हिशोबात नाही, म्हणून तो रात्री झोपेतून कापून भरून काढायचा.

मालकाचं हे, तर पगारी ड्रायव्हरचं काय? कामाचे तास दिवसाला आठ, असं १९६१ च्या मोटार कामगारांच्या कायद्यानेच ठरवलं होतं. मामाच्या ओळखीत आठ तासांत सुटलेला ड्रायव्हर नाही.

इथे मला खरं बोलायचंय ते. मालवाहतूकवाले अधूनमधून तक्रार करतात की ड्रायव्हर मिळत नाहीत, नवी पिढी आळशी झालीय, सगळ्यांना एसीत बसून काम पाहिजे. च्यायला, मी बसलोय ना इथे! चाळिशीचा, निर्व्यसनी, गाडी चालवायची आवड असलेला, रात्री जागायची ऑन-कॉलने सवय लावलेला उमेदवार. मला बोलवा. माझ्या मागण्यासुद्धा फार नाहीत. झोपायला जागा, अंघोळीला पाणी, स्वच्छ संडास, घरी कधी पोचणार याची तारीख, आणि थांबलेल्या तासांचे पैसे. ऑफिसात यातलं काही मी कधी मागितलेलंसुद्धा नाही, ते होतंच. केबिनला एसी द्यायचा नियम १ ऑक्टोबर २०२५ पासून आला, तोही त्यानंतर बनलेल्या गाड्यांना. तुटवडा ड्रायव्हरांचा नाही हो, करण्यासारख्या नोकरीचा आहे.

आणि एक भीती आहे, जी मी बायकोला अजून सांगितलेली नाही (आता वाचेल). अपघात झाला की चूक कुणाची हे नंतर ठरतं, मार आधी मोठ्या गाडीच्या ड्रायव्हरला बसतो. थांबला तर जमाव, पळाला तर तुरुंग. जानेवारी २०२४ मध्ये ट्रकवाल्यांनी संप केला आणि आपण सगळे पेट्रोल पंपावर रांगा लावून त्यांना शिव्या देत होतो, आठवतंय? न कळवता पळाल्यास दहा वर्षांपर्यंत कैद, या नव्या कलमावरून तो संप होता. जुलै २०२४ ला न्याय संहिता लागू झाली तेव्हा ते कलम तेवढं बाजूला ठेवलं. जखमी माणसाला टाकून पळू नये हे मलाही मान्य आहे. पण थांबणाऱ्याला जमावापासून वाचवणार कोण, हे कुठल्या कलमात लिहिलंय?

असो. राजीनामा दिलेला नाही, देण्याइतके पैसेही साठलेले नाहीत. पण हडपसरच्या बाजूला एका ड्रायव्हिंग स्कूलमध्ये हेवीसाठी नाव घातलंय, शनिवार-रविवार सकाळी. शिकवायची गाडी जुनी आहे, क्लच दाबायला दोन पाय लागतील असं वाटतं. मामाला कळवलं तर म्हणाला, "पहिले चार दिवस रिव्हर्सच घ्यायला लावायला सांग त्यांना. पुढे कुणीही चालवतं." :)