खड्डे मोजू नका, शेगडी पेटवून दाखवा

गेल्या वर्षी करवीर तालुक्यातल्या आमच्या गावात हरित ऊर्जेवर बोलायला पाहुणे आले. फेटे बांधून झाले, हार घालून झाले, आणि पाऊण तास 'शाश्वत', 'आत्मनिर्भर' आणि 'कार्बनमुक्त' या तीन शब्दांचं दळण दळून झालं. त्यांच्या गाड्या आमच्या गल्लीच्या परड्यात लावल्या होत्या. ड्रायव्हर मंडळी चहा पीत बसली होती ती सिमेंटच्या एका घुमटावर. कडेनं घाणेरी माजलेली, भेगेत पिंपळाचं रोप. तो घुमट म्हणजे गोबरगॅस. अनुदान घेऊन बांधलेला, चार वर्षं चालून बंद पडलेला आणि कागदावर आजही 'काम पूर्ण'. व्यासपीठापासून चाळीस पावलांवर! पाहुण्यांपैकी एकानंही तिकडं मान वळवली नाही.

मला राग आला तो तिथं. अजून उतरलेला नाही.

कारण हा काही ऊर्जेसाठी तोंड वासून बसलेला मुलूख नाही. गोबरगॅसच्या बाबतीत कोल्हापूर जिल्ह्याचं नाव राज्यात वर्षानुवर्षं पहिल्या ओळीत घेतलं जातं. का घेऊ नये? इथं गोठ्यात म्हैस आहे, म्हशीला उसाचं वाडं आहे, गावागावात दूध संस्था आहे आणि पाण्याला तोटा नाही. हिशेब शाळकरी पोराला कळेल असा आहे. एक किलो ताज्या शेणापासून सुमारे 40 लिटर गॅस मिळतो. रोज 50 किलो शेण आणि तेवढंच पाणी घातलं की दोन घनमीटर गॅस तयार. पाच-सहा माणसांचा दोन्ही वेळचा स्वयंपाक त्यात होतो. महिन्याला जवळजवळ दोन सिलिंडर वाचतात. वर स्लरी, म्हणजे पातळ खत, मिळते ती निराळी. ती उसाला सोडा, भाजीला सोडा. आपला देश सिलिंडरच्या गॅसपैकी निम्म्याहून जास्त परदेशातून आणतो. आखातात कुणी डोळे वटारले की आमच्या चुलीला घाम फुटतो. आणि इकडं परड्यात शेण पडून आहे. तरीही आम्ही ऊर्जेच्या दारिद्र्यावर परिसंवाद भरवतो. याला काय म्हणायचं, तुम्हीच सांगा.

गोबरगॅस बंद का पडतात, हे या व्याख्यात्यांना विचारून बघा. 'जनजागृतीचा अभाव' हे उत्तर तयार असतं. डोंबलाची जनजागृती! पाइपात पाणी साचतं म्हणून बंद पडतात. घुमटातून निघणारा गॅस ओला असतो. पाइपातून जाताना तो थंड होतो, वाफेचं पाणी होतं आणि पाइप जिथं खाली झुकला असेल तिथं ते जमतं. मग शेगडीवरची ज्योत नाचायला लागते. भुक्कन मोठी, भुक्कन बारीक, आणि एक दिवस भाकरी तव्यावर असतानाच विझते. बाई वैतागते, सिलिंडर लावते. संपला गोबरगॅस. उपाय काय? पाइपाच्या सगळ्यात खालच्या जागी एक टी जोडायचा, त्याला बूच बसवायचं आणि आठवड्यातून एकदा बूच काढून वाटीभर पाणी सांडायचं. पाच मिनिटांचं काम. हे बूच घरातल्या बाईला दाखवून देणारा माणूस कुठल्याही योजनेत नसतो. खड्डा खणायला पैसे, विटांना पैसे, घुमटाला पैसे, फोटोला माणूस. बुचाला कोण? कुणीही नाही.

सगळ्या दुखण्याचं मूळ मोजमापात आहे. वर्षाला उद्दिष्ट ठरतं: इतकी संयंत्रं. मार्च उजाडला की खड्डे खणण्याची एकच धांदल. गोठ्यात दोन जनावरं, त्याला चार जनावरांचा घुमट. का? मोठ्या घुमटाला अनुदान जास्त. दोन जनावरांच्या शेणानं तो घुमट भरत नाही, गॅस पुरत नाही, आणि मग गाव म्हणतं, गोबरगॅस काही खरं नव्हे. शेगडी किती दिवस पेटली, हे मोजायची सोयच नाही. आयसीयूत किती पेशंट दाखल झाले एवढंच लिहून ठेवणारा आणि जगले किती हे न विचारणारा डॉक्टर तुम्ही चालवून घ्याल का?

आता बायकांचं. 'आमच्या बायकांना शेणात हात घालायला लाज वाटते,' असं म्हणणारे पुढारी मी पुष्कळ ऐकलेत. ज्या पुरुषानं जन्मात एकदाही शेणकाला कालवला नाही, त्यानं बायकांना पर्यावरण शिकवू नये. माझ्या आईनं तो वीस वर्षं कालवला. पहाटे धार काढायची, दूध संस्थेत घालून यायचं आणि मग टाकीवर वाकून घमेल्यामागून घमेलं. थंडीत तो काला बर्फासारखा लागतो. तिच्या बोटांच्या पेरांत शिरलेला हिरवा रंग रविवारी लिंबू घासल्याशिवाय जात नसे. पण चुलीच्या धुरातून सुटका झाली म्हणून तिनं ते केलं, आणि तिच्या डोळ्यांचं पाणी थांबलं हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. बाईला शेणाची लाज वाटत नाही. सगळं काम तिच्या माथी आणि सगळं श्रेय फेट्याखाली, याचा तिला संताप येतो. रास्त संताप आहे तो. टाकीवर कालवायचा दांडा बसवायला कितीसा खर्च येतो? गावातला लोहार एका दिवसात करून देतो. घुमटाच्या अनुदानात त्याला जागा नाही.

आणि हे तंत्र काही काल कुणी विमानातून आणलेलं नाही. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात 1897 मध्ये मैल्यापासून गॅस काढून दिवे लावले होते. देहूला डॉ. मापुसकरांनी संडास गोबरगॅसला जोडून दाखवले, लोकांची किळस घालवायला हयात खर्ची घातली; त्यांना 2017 मध्ये पद्मश्री मिळाली ती मरणानंतर. पुण्याच्या 'आरती' संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी आणखी एक पाऊल पुढं टाकलं. शेण हे जनावरानं एकदा पचवून टाकलेलं अन्न. जिवाणूंना थेट पिठूळ, गोड खाद्य द्या, ते कितीतरी जास्त गॅस देतील, हा त्यांचा विचार. उष्टं अन्न, सडकी फळं, पीठ, पेंड. गच्चीवर मावेल एवढी टाकी. त्या टाकीला 2006 मध्ये लंडनचा अ‍ॅशडेन पुरस्कार मिळाला. म्हणजे म्हैस नसलेल्या शहरी घरालाही सबब उरली नाही! आणि आमच्या कोल्हापूर शहराचं ओलं खरकटं कुठं जातं? लाईन बाजारच्या झूम कचरा प्रकल्पावर. तिथला कचऱ्याचा डोंगर कसबा बावड्याच्या लोकांना विचारा. ज्या खरकट्यावर शहरातल्या कितीतरी चुली पेटल्या असत्या, ते कुजवून आम्ही शेजाऱ्याच्या नाकाला भेट देतो.

दिल्लीकरांना तर छोट्या गोष्टींची ॲलर्जीच आहे. 2018 मध्ये त्यांनी शेण-कचऱ्यापासून सीएनजी करण्याची जंगी योजना काढली. पाच वर्षांत पाच हजार कारखाने! मुदत संपली तेव्हा चालू कारखाने शंभरही नव्हते. गावोगावचं शेण ट्रकमध्ये घालायचं, डिझेल जाळत कारखान्यात न्यायचं, तिथं गॅस करायचा, दाबून भरायचा आणि परत गावाकडं पाठवायचा. अहो, गोठा आणि चूल यांच्यात वीस पावलांचं अंतर असताना हा शंभर किलोमीटरचा वळसा कुणाच्या सोयीचा? चुलीच्या तर नक्कीच नाही.

सूर्याकडं वळतो, कारण सध्या सगळ्यांची भक्ती तिकडं आहे. मीही सौर ऊर्जेच्या बाजूचा माणूस आहे. भावाच्या कोल्हापुरातल्या घरावर तीन किलोवॉटची पॅनेल बसली तेव्हा पेढे मीच वाटले होते. एक किलोवॉट दिवसाला चारेक युनिट देतो. बिल खरोखर शून्यावर आलं. बसवणारा म्हणाला होता, आता गावाची लाईट गेली तरी तुम्हाला फिकीर नाही. 2021 च्या जुलैत पंचगंगा राजाराम बंधाऱ्यापाशी धोक्याच्या 43 फुटांवरून 55 फुटांच्या पुढं गेली. भावाचं घर उंचावर, पाणी पोचलं नाही. वीज मात्र गेली. पाऊस उघडला, ऊन पडलं, छतावर तीन किलोवॉट तापत बसले आणि खाली वहिनी मेणबत्ती शोधतेय. मोबाइल बंद, मोटर बंद, म्हातारीचं इन्सुलिन फ्रीजमध्ये कोमट.

असं का झालं? बाहेरच्या विजेला जोडलेल्या पॅनेलचा इन्व्हर्टर ती वीज गेली की आपोआप बंद होतो. तारेवर चढलेल्या वायरमनला आपल्या छतावरच्या विजेचा झटका बसू नये म्हणून. हा नियम योग्य आहे, माणसाच्या जिवाचा आहे. तक्रार आहे ती ही गोष्ट लपवून ठेवण्याबद्दल. वीज गेल्यावरही घर चालायचं असेल तर बॅटरी लागते आणि त्या जोगा इन्व्हर्टर लागतो. फेब्रुवारी 2024 पासूनची सूर्यघर योजना एका किलोवॉटला 30 हजार, दोनला 60 हजार आणि तीन किंवा जास्तीला 78 हजार अनुदान देते. बॅटरीसाठी वेगळा रुपया नाही. पुन्हा पुन्हा महापुरात बुडणाऱ्या शहराला अशी वीज देतात जी महापुरातच बंद पडते. आणि वर स्वयंपूर्णतेची भाषा! शिवाय ही योजना ज्याला स्वतःचं छप्पर त्याच्यासाठी. शुक्रवार पेठेतल्या जुन्या वाड्यात दोन खोल्यांत भाड्यानं राहणाऱ्यानं काय करायचं? त्याच्या वाट्याला सूर्य येतो तो फक्त उन्हाळ्यात, पत्र्यातून.

त्याला उत्तर आहे, आणि ते कोल्हापुरातच आहे. पेठापेठांत तालमी आहेत. 2019 च्या महापुरात लोकांना खांद्यावरून बाहेर काढणारी पोरं याच तालमींतली. प्रत्येक तालमीच्या छतावर तीन किलोवॉट आणि खाली बॅटरी ठेवा. पूर आला की अख्ख्या गल्लीचे मोबाइल चार्ज होतील, औषधांचा एक फ्रीज चालेल, रात्री दिवा राहील, पाणी चढवायची मोटर चालेल. पैसे कुठून? मिरवणुकीत डॉल्बीच्या भिंती उभ्या करायला ज्या खिशातून येतात, त्याच खिशातून. दोन मिरवणुका कान शाबूत ठेवले तर एका तालमीची वीज उभी राहते. मी हे मंडळांच्या बैठकीत बोललो. पोरं ऐकून घेतात, मान डोलावतात. विरोध येतो तो पांढऱ्या कपड्यांतून, कारण बॅटरीवर फलक लावता येत नाही.

ज्या राजाचं नाव घेऊन हे सगळे पुढारी भाषणाला उभे राहतात, त्या शाहू महाराजांनी 1908 च्या सुमाराला राधानगरीच्या धरणाचं काम हाती घेतलं. संस्थान लहान, पैसा बेताचा, आणि धरण पुरं व्हायला स्वातंत्र्यानंतरची दहा वर्षं जावी लागली. आज तेच पाणी शेतीला जातं आणि वाटेत वीजही देऊन जातं. महाराजांनी उद्घाटनाची कोनशिला मोजली नव्हती, पाणी मोजलं होतं.

आपल्याच करवीर तालुक्यातली शेळकेवाडी बघून या. शंभरेक घरांची वाडी. तिथं आधी घरोघरी गोबरगॅस झाला, संडास त्याला जोडले, तो वर्षानुवर्षं चालवला, आणि मग 2024 मध्ये छतांवर पॅनेल येऊन वाडी सौरग्राम झाली. क्रम लक्षात घ्या. चालवायची सवय आधी, वस्तू नंतर. बाकीकडं वस्तू आधी येते आणि सवय कधीच येत नाही.

आमच्या परड्यातला तो घुमट काकींचा. नवरा गेला, मुलगा पुण्याला, गोठ्यात तीन म्हशी. दिवाळीनंतर आम्ही चौघांनी तो उघडला. आठ दिवस झाकण काढून हवा लागू दिली. आत कुणी पाय घालायचा नाही अशी सक्त ताकीद, कारण त्या विहिरीत माणूस गुदमरून मरतो. बादलीनं वाळका गाळ उपसला. भेगा सिमेंटनं बुजवल्या, पिंपळाचं रोप उपटून ओढ्याकाठी लावलं. पाइप उकरला तर मधल्या वाकणात दोन तांबे पाणी. एवढंच! एवढ्यावर ती बाई इतकी वर्षं सिलिंडर ओढत होती. साडेतीनशे रुपयांत नवा पाइप, टी आणि बूच आणलं. चालू गोबरगॅसमधली पाच बादल्या स्लरी विरजणासारखी घातली आणि रोज शेणकाला सुरू केला. पहिला गॅस पेटत नाही, तो सोडून द्यावा लागतो. तो सोडला. तिसऱ्या आठवड्यात काकींनी काडी ओढली आणि शेगडीवर निळी ज्योत धरली.

काकी काही बोलल्या नाहीत. चहाचं आधण ठेवलं, पदरानं कपाळ पुसलं आणि मला हाताला धरून परड्यात घेऊन आल्या. "ते बूच कुठं हाय ते मला दाखीव," म्हणाल्या. "ह्या बाप्यांस्नी नको. मला."