पालघरची लोकसंख्या ३० लाख, पण हे ३० लाख राहतात कुठं?

पालघर जिल्हा म्हटलं की कुणाला नालासोपाऱ्याची खच्चून भरलेली लोकल आठवते, कुणाला डहाणूचे चिकू, तर कुणाला जव्हारचा दाभोसा धबधबा. तिन्ही बरोबर. सरकारी कागदावर या जिल्ह्याची ओळख ‘सागरी, नागरी, डोंगरी’ अशी करून देतात, ती याचमुळे. ऐकायला छान वाटतं, पण जिल्ह्याचे आकडे वाचताना हीच गोष्ट नडते.

आधी थोडा मागचा हिशोब. २०११ च्या जनगणनेत ठाणे हा देशातला सर्वाधिक लोकसंख्येचा जिल्हा होता, १ कोटी १० लाखांचा. मोखाड्याच्या पाड्यावरच्या माणसाला कलेक्टर कचेरीत काम असेल, तर थेट ठाणे गाठावं लागायचं. जव्हार जिल्हा करा, अशी मागणी जुनी होती. १९९२-९३ मध्ये वावर-वांगणीत कुपोषणानं बालमृत्यू झाले आणि हा भाग राज्यभर चर्चेत आला. शेवटी १ ऑगस्ट २०१४ ला विभाजन झालं, राज्याचा ३६ वा जिल्हा जन्माला आला. मुख्यालय मात्र डोंगरात न जाता रेल्वेलाइनवरच्या पालघरला आलं. आज जिल्हाधिकारी कार्यालय पालघर आणि बोईसरच्या मध्ये, कोळगावला आहे.

आता आकडे. क्षेत्रफळ सुमारे ५,३४४ चौरस किलोमीटर, तालुके आठ, लोकसंख्या २९ लाख ९० हजार ११६ (२०११ ची, कारण त्यानंतर मोजणीच झालेली नाही). म्हणजे चौरस किलोमीटरमागे सरासरी ५६० माणसं.

या सरासरीवर विश्वास ठेवू नका. एकट्या वसई तालुक्यात १३ लाख ४३ हजार लोक होते, जिल्ह्याचे जवळपास ४५ टक्के. मोखाडा तालुक्यात होते ८३ हजार. एका वसईत सोळा मोखाडे मावतात. वसई बाजूला काढली तर उरलेल्या सात तालुक्यांत मिळून साडेसोळा लाखही भरत नाहीत. त्यामुळे ‘जिल्ह्याची सरासरी’ म्हणून साक्षरतेचा किंवा दवाखान्यांचा आकडा कुणी फॉरवर्ड केला, तर तो विरारचाही नसतो आणि खोडाळ्याचाही नसतो.

आणि बोईसर-तारापूर? ते या दोन्हींच्या मधलं तिसरंच प्रकरण आहे. १९६९ मध्ये तारापूरला देशातलं पहिलं व्यावसायिक अणुऊर्जा केंद्र सुरू झालं, पुढं एमआयडीसी आली. रसायनं, औषधं, कापड, पोलाद यांचे कारखाने उभे राहिले आणि उत्तर प्रदेश, बिहारपासून खानदेशापर्यंतचे कामगार चाळीत खोल्या घेऊन राहू लागले. अणुकेंद्राच्या ३ आणि ४ क्रमांकाच्या युनिटसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही दोन गावं उठवली गेली, ती माणसं आजही पुनर्वसनाबद्दल बोलतात. जनगणनेच्या भाषेत बोईसर हे ‘जनगणना नगर’. म्हणजे वस्ती दाट, बहुतेकांचा रोजगार शेतीबाहेरचा, पण नगरपालिका नाही. सरावली, खैरा, पास्थळ, बोईसर अशा शेजारशेजारच्या ग्रामपंचायतींत एकच शहर वाटलं गेलं. कचरा एकीचा, गटार दुसरीचं, असा तो कारभार.

मग आत्ता हे सगळं का उकरायचं? कारण फेब्रुवारी २०२७ मध्ये प्रत्यक्ष माणसं मोजली जाणार आहेत, १ मार्च २०२७ हा संदर्भ दिवस आहे. आणि फेब्रुवारी हा जव्हार, मोखाडा, विक्रमगडसाठी सगळ्यात अडचणीचा महिना. भातकापणी उरकली, दिवाळी झाली की कातकरी, वारली, कोकणा, ठाकर कुटुंबं वीटभट्टीवर, बांधकामावर जगायला बाहेर पडतात. भिवंडी, कल्याण, वसई, मिळेल तिकडं. मोजणीच्या पूर्ण काळात जो घरी नाही, तो घरच्या पत्त्यावर धरला जात नाही, जिथं सापडेल तिथं मोजला जातो. भट्टीवरच्या झोपडीपर्यंत प्रगणक पोचला तर तो आकडा भिवंडीचा. नाही पोचला तर कुणाचाच नाही. २०११ ची मोजणीसुद्धा फेब्रुवारीतच झाली होती, तेव्हा मोखाड्याचे ८३ हजार वाचताना एवढं ध्यानात ठेवलेलं बरं.

यात जायचं काय? बरंच काही. जिल्ह्यात अनुसूचित जमातींचं प्रमाण ३७ टक्क्यांच्या आसपास होतं. लोकसभेची जागा जमातींसाठी राखीव आहे, विधानसभेच्या सहापैकी डहाणू, विक्रमगड, पालघर, बोईसर या चार जागाही. वसई-विरारकडं बाहेरून माणूस येत राहिला आणि डोंगरातला माणूस मोजणीतून निसटला, तर आदिवासींची संख्या वाढूनही टक्का घसरलेला दिसेल. राखीव जागा, रेशनचा कोटा, आरोग्य केंद्रं, अंगणवाड्या, सगळं याच लोकसंख्येवर बेतलं जातं.

पाण्याकडं बघितलं की ही ओढ कुठल्या दिशेनं आहे ते कळतं. मुंबईला पाणी देणारं मध्य वैतरणा धरण मोखाड्यातल्या कोचाळ्याजवळ आहे आणि उन्हाळ्यात त्याच तालुक्यात टँकर फिरतात. सूर्या प्रकल्प मुळात इथल्या शेतीसाठी होता. आता त्यातलं रोज ४०३ दशलक्ष लिटर वसई-विरार आणि मीरा-भाईंदरला द्यायचं ठरलंय. माणसं तिकडं जास्त आहेत, हे कारण खोटं नाही.

त्यात आता वाढवण. जून २०२४ मध्ये केंद्रानं ७६ हजार २२० कोटींच्या या बंदराला मंजुरी दिली, ३० ऑगस्टला भूमिपूजनही झालं. मच्छीमारांचा विरोध कायम आहे. बुलेट ट्रेनची दोन स्टेशनं, विरार आणि बोईसर, याच जिल्ह्यात आहेत. म्हणजे पुढची दाटी वसईत न थांबता किनाऱ्यानं वर सरकणार, बोईसर आणि डहाणूकडं. बोईसरला तोवर नगरपालिका मिळते की नाही, हे बघायचं.