सव्वा फेऱ्यासाठी आटापिटा

फाऊंटन पेनचं टोपण चटकन उघडावं, एवढीच आपली अपेक्षा. पण हातानं पेन घडवणाऱ्या कारागिराला त्यासाठी एकाऐवजी तीन आटे पाडावे लागतात... आणि तेही एकाच जागेत!

घरात एखादं फाऊंटन पेन असेल तर जरा हातात घ्या. टोपण काढा आणि पुन्हा बसवताना किती फेरे द्यावे लागतात ते मोजा. काही पेनांचं टोपण एक-सव्वा फेऱ्यातच घट्ट बसतं. काहींना मात्र तीन-चार वेळा गरगर फिरवावं लागतं. बँकेत स्लिपवर सही करायची आहे, मागे रांग लागलीय आणि आपण आपले टोपण फिरवतोय! हातानं बनवलेल्या पेनांबद्दल शौकिनांची ही जुनी कुरकुर आहे. आता तुम्ही म्हणाल, मग हे आटे हवेतच कशाला? टोपण नुसतं सरकवून बसवता येत नाही का?

येतं ना. १९४१ मध्ये बाजारात आलेल्या प्रसिद्ध ‘पार्कर ५१’चं टोपण तसंच सरकून बसायचं. पण त्यासाठी आत धातूची पकड लागते. लेथवर एकेक पेन घडवणाऱ्या कारागिरासाठी आटे हाच सोयीचा मार्ग. आट्यांचं टोपण खिशात निसटत नाही, निबही लवकर सुकत नाही. प्रश्न उरतो तो फक्त फेऱ्यांचा.

पावणेचार की सव्वा?

थोडा हिशेब करू. आट्याच्या एका कंगोऱ्यापासून शेजारच्या कंगोऱ्यापर्यंतचं अंतर म्हणजे पिच. समजा, पेनवर ०.८ मिलिमीटर पिचचा साधा, एकेरी आटा आहे. एका फेऱ्यात टोपण ०.८ मिलिमीटर पुढे सरकणार. टोपण नीट बसायला ३ मिलिमीटर आत जावं लागत असेल, तर झाले पावणेचार फेरे!

मग आटाच मोठा पाडला तर? पिच २.४ मिलिमीटर केली, की सव्वा फेऱ्यात काम झालं! पण इथेच खरी मेख आहे. आटा जितका रुंद, तितकाच तो खोल. ०.८ पिचच्या आट्याची खोली साधारण अर्धा मिलिमीटर असते. २.४ पिचचा आटा जवळजवळ दीड मिलिमीटर खोल जाईल. आणि पेनच्या नळीची भिंत तिथे असते जेमतेम दीड-दोन मिलिमीटरची. म्हणजे टोपण लवकर बसेल खरं, पण पेन तिथेच मोडेल.

यावरचा उपाय समजून घ्यायचा तर साधा तीन पेडी दोर डोळ्यांपुढे आणा. दोराचा एकच पेड बोटानं धरून पुढे पुढे जात राहिलात, तर तो दर तिसऱ्या उंचवट्याला पुन्हा वर येतो. मधले दोन उंचवटे बाकीच्या दोन पेडांचे. कारागीर नेमकं हेच पेनवर करतो. एकमेकांत गुंफलेले तीन आटे. प्रत्येकाची खोली अर्धाच मिलिमीटर, पण प्रत्येक जण एका फेऱ्यात २.४ मिलिमीटर पुढे धावणारा. भिंतही शाबूत, फेराही सव्वा!

लेथवरची कसरत

सांगायला सोपं, करायला महाकठीण. इंग्लंडमध्ये हेन्री मॉडस्ले यानं १८०० च्या सुमारास आटे पाडणारा लेथ नावारूपाला आणला. त्याचं तत्त्व आजही तेच आहे. चकमध्ये धरलेला दांडा फिरतो आणि गियरच्या साखळीनं त्याच्याशी जोडलेला एक लांब स्क्रू टूलला बाजूनं सरकवतो. गियर असे जोडायचे, की दांड्याच्या एका फेऱ्यात टूल २.४ मिलिमीटर सरकेल. दर खेपेला दहावा हिस्सा मिलिमीटर खरवडलं, तर पाच खेपांत एक आटा तयार.

हा झाला पहिला पेड. आता उरलेले दोन नेमके मधल्या जागेत बसवायचे. त्यासाठी काही जण टूलच पुढे सरकवतात, बरोबर ०.८ मिलिमीटर. इथे मशीनच्या स्क्रूतली किंचितशी ढिलाईही दगा देते. काही जण दांड्याला फेऱ्याचा एक तृतीयांश भाग वळवून घेतात. दांड्यावरच्या गियरला ६० दाते असतील तर खडूनं खूण करायची, गियरची साखळी सोडवायची, बरोबर २० दाते मोजून फिरवायचं आणि पुन्हा जोडायचं. एक दाता चुकला, तरी आटा जागा सोडतो.

तीन आट्यांच्या झाल्या पंधरा खेपा. तेवढ्याच टोपणाच्या आतून. आणि आतलं काम तर जवळपास आंधळंच! टूल टोपणाच्या पोटात, डोळ्यांना दिसत काही नाही. भरवसा ठेवायचा तो आवाजावर आणि बाहेर येणाऱ्या भुशावर.

त्यातून हे आटे तिरके असतात. एकेरी आट्याचा कल एका अंशाच्या जरासा वर, तर तिहेरीचा साडेतीन अंशांच्या आसपास. टूलची बाजू त्या मानानं घासून घेतली नाही, तर ती आट्याच्या कडेला रगडते आणि कंगोरे ढासळतात. एखादा आटा केसभर सरकला, तर आणखी मोठी गंमत. टोपण एका बाजूनं छान बसतं आणि दुसऱ्या बाजूनं लावलं, की अडकतं. तासन्‌तास घडवलेलं पेन शेवटच्या टप्प्यावर भंगारात!

फणीचे तीन दात

हे सगळं हातानं करणारेही आहेत. त्यांचं हत्यार फणीसारखं दातेरी असतं. फिरत्या दांड्याला फणी टेकवायची आणि एका लयीत बाजूला सरकवत न्यायची. दांड्याच्या एका फेऱ्यात फणी एक दात पुढे गेली तर आटा एकेरी, तीन दात गेली तर तिहेरी. दोनच दात गेली, तर दुहेरी होऊन बसतो! ना गियर, ना मोजमाप. मनगटाची लय हेच माप.

तयार टॅप आणि डाय वापरणारेही पुष्कळ. पेन घडवणाऱ्यांत १३ मिलिमीटर व्यासाचा, ०.८ पिचचा तिहेरी जोड जगभर वापरला जातो. पण हा कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात मिळत नाही, मुद्दाम बनवून घ्यावा लागतो. शिवाय एका जोडानं एकाच मापाचं पेन होतं. कॉम्प्युटरवर चालणारा लेथ हे काम झटपट करतो, पण छोट्या कारखानदाराला त्याची किंमत आधी पाहावी लागते.

मग तीनच का, सहा आटे का नाहीत? कारण आटा जितका उभा, तितकं टोपण आपोआप सैल होण्याची भीती जास्त. म्हणून तीन किंवा चारवर बरेच जण थांबतात. आणखीही एक खोच आहे. तिहेरी आट्याचं टोपण तीन ठिकाणांहून आत शिरू शकतं. पेनवर रंगीत रेघा असतील, तर टोपणावरच्या रेघांशी त्या तीनपैकी एकाच वेळी जुळतात!

वर्ध्याचं पत्र

आपल्याकडे या कामाची परंपरा मोठी आहे. आंध्रातल्या राजमुंद्रीच्या के. व्ही. रत्नम यांनी बनवलेलं स्वदेशी पेन जे. सी. कुमारप्पा यांच्यामार्फत गांधीजींकडे पोचलं. १६ जुलै १९३५ रोजी गांधीजींनी वर्ध्याहून पत्र लिहून त्यांचे आभार मानले आणि बाजारातल्या परदेशी पेनांना हा चांगला पर्याय असल्याची पावतीही दिली. राजमुंद्रीत आणि तामिळनाडूतल्या तिरुवल्लूरला आजही लेथवर एबोनाईटची पेनं घडतात. एबोनाईट म्हणजे गंधक घालून कडक केलेलं रबर.

बॉलपेन आलं आणि या कारागिरांचं रोजचं गिऱ्हाईक गेलं. आता त्यांची पेनं घेतात ते शौकीन. देशातले आणि परदेशातलेही. हे गिऱ्हाईक चोखंदळ असतं. निब पाहतं, पॉलिश पाहतं आणि टोपणाचे फेरेही मोजतं! म्हणूनच कारागिराला हा आटापिटा करावा लागतो. वापरणाऱ्याचे फेरे वाचवायचे, तर घडवणाऱ्याच्या खेपा तिप्पट होणारच.

तुमच्या पेनचे आटे किती, हे घरच्या घरी कळतं. टोपण अलगद टेकवा आणि उलट्या दिशेनं एक पूर्ण फेरा हळूच फिरवा. ‘टक्’ असा बारीक झटका जितक्या वेळा जाणवेल, तितके आटे. मुलांना हा प्रयोग जरूर करू द्या. एकच ‘टक्’ आला, तर हरकत नाही, पेन काही वाईट नाही! पण तीन आले आणि ते पेन हातानं घडवलेलं असेल, तर समजा, तुमचे अडीच फेरे वाचावेत म्हणून कुणीतरी लेथपाशी उभं राहून तुमच्या वाट्याची मेहनत आधीच करून ठेवली आहे.