मूल किती खाते, आणि कसे?

नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर या तालुक्यांतल्या अंगणवाड्यांत मुलांचे वजन, उंची, दंडघेर यांची नोंद होते. मूल सॅम, म्हणजे अतितीव्र कुपोषित, श्रेणीत निघाले की त्याचा आहार वाढवला जातो. पण समोरचे अन्न त्याला चावता-गिळता येते का, हा प्रश्न या नोंदींतून सहज निसटतो. सेरेब्रल पाल्सी किंवा दुभंगलेला टाळू असलेले मूल भरल्या वाटीपुढेही उपाशी राहू शकते. म्हणून वाचा-उपचारतज्ज्ञांनी कुपोषणाच्या कामात स्वतःहून शिरावे, असे आमचे मत आहे. २००० साली प्रसिद्ध झालेल्या ऑक्सफर्डच्या पाहणीत मज्जासंस्थेच्या विकाराने अपंग झालेल्या मुलांपैकी ८९ टक्क्यांना जेवताना मदत लागत होती आणि ५६ टक्क्यांना जेवताना घास अडकत असे. तरीही ६४ टक्के मुलांच्या आहाराची आणि भरवण्याची तपासणी कधीच झालेली नव्हती. हे अशा भागातले चित्र, जिथे तज्ज्ञांची वानवा नाही.

आपल्याकडे यंत्रणा कागदावर तरी आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये पालघरहूनच सुरू झाला. त्याची फिरती पथके अंगणवाडीत जातात आणि विकासात मागे पडलेल्या मुलांना जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. अडचण पुढची आहे. सुरगाण्याहून नाशिकला येऊन परतायचे तर दिवस मोडतो, मजुरी बुडते. दर आठवड्याला बोलावलेली आई दुसऱ्या महिन्यात दिसेनाशी झाली तर तिला बेजबाबदार ठरवण्यात अर्थ नाही. अशा वेळी ढाक्यातला २०१२ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग उपयोगी पडतो. सेरेब्रल पाल्सी असलेल्या ३७ मुलांच्या पालकांसाठी तिथे सहा सत्रांचे कमी खर्चाचे प्रशिक्षण आखले होते. मुलांचे श्वसनाचे आरोग्य सुधारले, जेवताना ती अधिक साथ देऊ लागली आणि पालकांवरचा ताण बराच उतरला. वजनवाढ मात्र सगळ्यांत सारखी दिसली नाही. त्यामुळे भरवण्याचे तंत्र शिकवले की कुपोषण आपोआप हटेल, असा दावा कोणी करू नये. पौष्टिक अन्न हवेच. ते सुखरूप पोटात जाण्याची सोयही हवी.

यावर रास्त आक्षेप असा की, अन्न श्वासनलिकेत जाण्याचा धोका असताना हे काम आई किंवा अंगणवाडी सेविकेवर कसे सोपवायचे? ठसका न लागताही अन्न फुप्फुसात उतरते, हे आपण जाणतो. पण ती आई आजही दिवसातून चार वेळा भरवतेच आहे, बहुधा मुलाला पायांवर आडवे घेऊन, मान मागे टाकून. तिला न शिकवल्याने धोका टळत नाही. पहिली तपासणी तज्ज्ञाचीच असावी. जेवल्यावर आवाज ओलसर येणे, घरघर, पुन्हापुन्हा न्यूमोनिया यांपैकी काही दिसले तर मूल थेट जिल्ह्याला यावे. बाकी मुलांसाठी बसण्याचा आधार, हनुवटी किंचित खाली, छोटा चपटा चमचा आणि दोन घासांमधली उसंत एवढे घरी शिकवता येते. नागलीची पेज निवताना घट्ट होते, हे आईला आपल्यापेक्षा चांगले कळते. कोणता घट्टपणा या मुलाला झेपतो, हे आपण तिच्याच भांड्यात दाखवायचे.

दुसरा आक्षेप आपल्यातलाच आहे: आपले काम बोलण्याचे, भरवण्यात वेळ का घालवावा? गंमत म्हणजे हेच तज्ज्ञ जीभ-ओठांच्या व्यायामांवर तासन्‌तास खर्चतात. उच्चारदोषांसाठी अशा व्यायामांचा उपयोग होतो, याला २०१५ च्या कॉक्रेन आढाव्यात भक्कम आधार सापडला नाही. उलट जेवण हा रोजचा संवाद आहे. ‘आणखी’, ‘पुरे’, ‘नको’ हे मूल नजरेने, हाताने सांगत असते. आई थांबून पाहायला शिकली की त्याला उत्तर मिळते. तेही कोकणी बोलीत किंवा अहिराणीत, आपल्या चित्रकार्डांवरच्या प्रमाण मराठीत नव्हे.

तेव्हा जिल्ह्यातल्या सहकाऱ्यांनी सॅम मुलांच्या नोंदीत दोनच प्रश्न जोडण्याचा आग्रह धरावा: एका जेवणाला किती वेळ लागतो आणि खाताना ठसका लागतो का. अर्ध्या तासाहून अधिक वेळ किंवा वारंवार ठसका, असे उत्तर आले तर मुलाची तपासणी आपण त्याच्याच तालुक्यात जाऊन करावी.