सिम्युलेटरचे तास, डेस्कचे तास

वैमानिकांनी हा हिशेब केव्हाच करून ठेवला आहे. व्यावसायिक परवान्यासाठी 200 तासांचे उड्डाण लागते; उपकरणांच्या आधारे उडण्याच्या 40 तासांपैकी फार तर 20 तास सिम्युलेटरवरचे धरतात. औष्णिक केंद्रांत मात्र अजून दोनच सूर ऐकू येतात: ‘सिम्युलेटर करून आलाय, बसवा डेस्कवर’ किंवा ‘तो नुसता व्हिडिओ गेम’.

दोन्ही चूक. पूर्ण लोडवर बॉयलर फीड पंप ट्रिप झाला की ड्रम लेव्हल पाहता पाहता घसरते. राखीव पंप आला का, किती मिल काढायच्या, लोड कुठवर उतरवायचा, यावर विचार करायला वेळच नसतो. असा प्रसंग शिकण्यासाठी कुणी चालता संच पाडणार नाही. तो सिम्युलेटरवरच दहादा घोटावा लागतो.

पण तिथे सांगितलेला व्हॉल्व्ह उघडतोच. खऱ्या संचावर लोकलचा माणूस वॉकी-टॉकीवर ‘उघडला, साहेब’ म्हणतो आणि फ्लो जागचा हलत नाही. पावसाळ्यात ओल्या कोळशाने फीडर तुंबतो, तेव्हा ‘फ्रीझ’चे बटणही नसते. गळती कानाने आणि बेअरिंग हाताने ओळखायला शून्य मीटरपासून ड्रमपर्यंत लाइन चालावीच लागते.

दीपनगरच्या औष्णिक केंद्रात तर आणखी एक पेच आहे. तिथे 500 मेगावॉटच्या संचांना ड्रम आहे; 660 मेगावॉटच्या सुपरक्रिटिकल संचाला तो नाहीच. ड्रम लेव्हलवर बसलेला हात तिथे कामाचा नाही. पाणी आणि इंधनाचा मेळ क्षणाक्षणाला राखावा लागतो. वैमानिक विमानाचा प्रकार बदलला की नव्याने शिकतो, तोच दंडक डेस्कलाही हवा.

शिवाय दुपारी सौरवीज भरात आली की संच खाली आणावे लागतात. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या 2023च्या नियमांनी 55 टक्क्यांपर्यंत उतरण्याची क्षमता बंधनकारक केली. म्हणजे 500चा संच 275वर. कमी लोडवर ज्योत डळमळते. जुन्या अभ्यासक्रमांचा भर मात्र लाइटअप आणि पूर्ण लोडवरच असतो.

म्हणून केंद्रप्रमुखांना आमचे सांगणे आहे: आपल्याच संचाच्या प्रकारावर सराव द्या, मागच्या वर्षीचे आपले ट्रिप त्यात घाला आणि परतलेल्या अभियंत्याला आधी लाइन चालायला लावा. डेस्क त्यानंतर.