बंब वेळेवर आला, म्हणजे नक्की कधी?

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. रात्री पावणेदोनच्या सुमारास रहाटणीतल्या आमच्या इमारतीत तळमजल्यावरची वीजमीटरची पेटी पेटली. वायरी जळल्याचा उग्र वास, जिन्यात काळा धूर आणि ‘खाली या, खाली या’ असा एकच गलका. कुणीतरी १०१ फिरवला. बंब आला आणि गल्लीच्या तोंडाशीच उभा राहिला. पुढे जाणार कसा? दोन्ही बाजूंना मोटारी लावलेल्या. त्यातली एक माझीच होती, हे सांगायला लाज वाटते. अखेर जवान सामान खांद्यावर घेऊन धावत आले, वीज तोडली गेली, आग विझली. मीटर आणि चार दुचाकी गेल्या, माणसे वाचली.

दुसऱ्या दिवशी सोसायटीत वाद रंगला. एक शेजारी म्हणाले, ‘पाच मिनिटांत बंब हजर!’ दुसरे म्हणाले, ‘कसली पाच? चांगली पंधरा मिनिटे गेली.’ गंमत अशी, की दोघेही खरे बोलत होते. पहिल्यांनी गल्लीच्या तोंडापर्यंतचा वेळ मोजला होता, दुसऱ्यांनी आगीवर मारा सुरू होईपर्यंतचा.

मी तीस वर्षे पिंपरीच्या एका कारखान्यात मालाच्या तपासणी विभागात काढली. माप घेण्याआधी कुठून कुठपर्यंत मोजायचे ते ठरवा, हा तिथला पहिला धडा. अग्निशमन दलाच्या कामाचे माप काढतानाही तोच लागू आहे. फोन वाजल्यापासून बंब केंद्राबाहेर पडेपर्यंतचा वेळ दलाच्या हातातला. वाटेतला वेळ रस्त्यांचा, वाहतुकीचा. बंब थांबल्यापासून आगीपर्यंतचा वेळ बराचसा तुमच्या-आमच्या हातातला. तिन्ही वेळा वेगळ्या नोंदल्या, तरच दुखणे कुठे आहे ते कळेल.

आपल्या देशात याचे मापदंड नाहीत असे नाही. केंद्र सरकारच्या स्थायी अग्निशमन सल्लागार समितीच्या शिफारशीनुसार शहरी भागात दर १० चौरस किलोमीटरला एक केंद्र असावे आणि पाच ते सात मिनिटांत मदत पोचावी. पिंपरी-चिंचवडचे क्षेत्र सुमारे १८१ चौरस किलोमीटर. म्हणजे या हिशेबाने अठरा केंद्रे लागतात. रहाटणीत केंद्र आहे, हे आमचे भाग्य. पण प्रत्येक प्रभाग या मापापासून किती दूर आहे, हे दरवर्षी अर्थसंकल्पाबरोबर छापून यायला नको का?

आणि छापताना नुसती सरासरी छापू नये. समजा, दहा वर्द्या आल्या. नऊ ठिकाणी बंब पाच मिनिटांत पोचला, दहाव्या ठिकाणी पंचवीस मिनिटांनी. सरासरी येते सात मिनिटे. कागदावर सारे कसे नियमात! पण त्या दहाव्या घराला सरासरीचा काय उपयोग? दहापैकी किती वर्द्यांना वेळेत मदत मिळाली आणि ज्यांना मिळाली नाही ती घरे कुठल्या वस्तीत होती, हे विचारले पाहिजे.

अर्थात, मिनिटांच्या मागे लागण्यातही धोका आहे. ९ मे २०१५ रोजी मुंबईत काळबादेवीच्या गोकुळ निवासाच्या आगीत दलाचे चार अधिकारी गेले. जवान सुखरूप परतला का, हाही हिशेबातला रकाना असायला हवा.

पण काही आगींत मिनिटांचा हिशेबच थिटा पडतो. ३० ऑगस्ट २०२३ च्या पहाटे चिखलीतल्या पूर्णानगरमध्ये दुकानाला आग लागली आणि आत झोपलेल्या एकाच कुटुंबातल्या चौघांचा मृत्यू झाला. त्याच वर्षी ८ डिसेंबरला तळवड्यात वाढदिवसाच्या केकवरच्या फुलझडीसारख्या मेणबत्त्या बनवणाऱ्या विनापरवाना कारखान्यात भडका उडाला. सहा महिला त्याच दिवशी गेल्या, पुढे मृतांचा आकडा वाढत गेला. तिथे हरवलेला वेळ मिनिटांचा नव्हता. तो त्याआधीच्या महिन्यांचा होता, जेव्हा कुणी आत डोकावून पाहायला हवे होते.

म्हणून दलाचे खरे उद्दिष्ट आग विझवण्याच्या आधी सुरू होते. अडचण एवढीच, की न लागलेली आग मोजता येत नाही. वर्द्यांच्या संख्येवर काम जोखायचे, तर आगी टाळणारे दल रिकामटेकडे ठरेल! पण तपासण्या मोजता येतात. नुसत्या किती नोटिसा दिल्या ते नको. दिलेल्या नोटिसांपैकी किती ठिकाणी त्रुटी दूर झाल्या, हे पुन्हा जाऊन पाहून मोजावे.

इथे मला दुसरी कबुली द्यायची आहे. राज्याच्या २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्यानुसार आमच्यासारख्या उंच इमारतींनी दर जानेवारीत आणि जुलैत अग्निसुरक्षा यंत्रणा चालू असल्याचे प्रमाणपत्र द्यायचे असते. सोसायटीचा सचिव म्हणून त्या कागदासोबतच्या पत्रावर सही माझी होती. आगीच्या दुसऱ्या दिवशी मी जिन्यातला नळ फिरवून पाहिला. तो गंजून घट्ट बसला होता. जन्मभर दुसऱ्यांचा माल ‘नापास’ करणाऱ्या मी स्वतःच्या घराचा माल न पाहताच ‘पास’ केला होता. तो कागद महापालिकेच्या हिशेबात ‘पूर्तता’ म्हणून जमा झाला असणार. अशा हजार पूर्ततांची बेरीज करून शहर सुरक्षित कसे होईल?

आमच्या रहाटणीच्या नावातच मला रहाट ऐकू येतो. एकेकाळी विहिरीचे पाणी वर आणायला दोर, पोहरा, रहाट सारे आधी जागेवर असावे लागे. तहान लागल्यावर विहीर खणू नये, हे आपल्याला शाळेपासून पाठ आहे. पाठांतरापलीकडे मात्र आपण जात नाही.

महापालिकेने हिशेब द्यावा, ही मागणी मी करणारच. पण ती करण्याआधी गेल्या महिन्यात आम्ही नळ बदलला, पंप चालवून पाहिला आणि मोटारी गल्लीच्या एकाच बाजूला लावायचे ठरवले. आज रविवार आहे. दुपारच्या झोपेआधी दहा मिनिटे काढून तुमच्याही जिन्यातला नळ एकदा फिरवून पाहाल का?